वड्या पाडलेला पिझ्झा आणि हरवलेली बोली

भाषेच्या अंकात पिझ्झ्याचे काय काम, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. सीमाभागातल्या माणसापुढे भाषेचा विषय निघाला की त्याला खटले, ठराव, पाट्या आणि मोर्चे आठवतात. यात त्याचा दोष नाही. तीन पिढ्या त्याच्या कानावर तेच पडत आले आहे. पण भाषा कोर्टात असते त्याहून जास्त ती चुलीजवळ आणि दुकानाच्या गल्ल्याजवळ असते. म्हणून आज आम्ही वाचकांना जरा लांब, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, पिझ्झ्याच्या दुकानांच्या एका साखळीकडे नेणार आहोत. साखळीचे नाव 'इमोज'. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल. अमेरिकेतही त्या भागाबाहेर ते फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि आमच्या दृष्टीने गंमत तिथेच आहे.

पिझ्झा आता आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही. १९९६ साली डॉमिनोजने दिल्लीत आणि पिझ्झा हटने बेंगळुरात आपले पहिले दुकान उघडले, त्याला पाव शतक उलटून गेले. आता तालुक्याच्या गावातली बेकरीसुद्धा पिझ्झा देते आणि वाढदिवसाला पोरे तोच मागतात. या मोठ्या कंपन्यांचा पिझ्झा कोणत्याही शहरात खा, साधारण एकसारखाच लागतो. तसा तो लागावा यासाठीच त्यांची सगळी यंत्रणा राबत असते. इमोजचे बरोबर उलटे आहे. त्यांचा पिझ्झा एका शहरासारखा लागतो. त्या शहराबाहेरच्या माणसाला तो बहुधा आवडत नाही, आणि त्या शहरात वाढलेल्या माणसाला दुसरा कोणताही पिझ्झा पुरता पिझ्झा वाटत नाही.

१९६४ साली एड आणि मार्जी इमो या नवराबायकोने शहरातल्या शॉ नावाच्या वस्तीत पहिले दुकान काढले. एड व्यवसायाने फरशी बसवणारा. शहरात पिझ्झा घरपोच पोचवणारे पहिले दुकान आमचेच, असे इमोजवाले सांगत आले आहेत. एका दुकानाची दहा झाली, दहांची पन्नास झाली, आणि आज शंभराच्या आसपास आहेत. जवळजवळ सगळी दुकाने मिसुरी आणि इलिनॉय या दोन राज्यांत. सेंट लुईस शहर मिसिसिपी नदीच्या काठावर आहे आणि ही नदी हीच त्या दोन राज्यांची हद्द. अलीकडे मिसुरी, पलीकडे इलिनॉय. कायदे वेगळे, कर वेगळे, विधानसभा वेगळी. पण नदीपलीकडच्या गावातही शुक्रवारी रात्री जो पिझ्झा घरी येतो तो अलीकडच्यासारखाच असतो. हद्दीची रेघ स्वयंपाकघरातून जात नाही, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हा पिझ्झा असतो कसा? पहिली गोष्ट त्याची पोळी. तिच्यात खमीर नसते, त्यामुळे ती फुगत नाही. पातळ, कोरडी, कुरकुरीत. अमेरिकन लोक तिची तुलना बिस्किटाशी करतात. आम्हाला वर्णन वाचताना आपली कडक भाकरी आठवते. न्यूयॉर्कचा माणूस पिझ्झ्याचा तुकडा मधोमध दुमडून रस्त्याने चालता चालता खातो. इथे तसे करायला गेले तर हातात दोन तुकडे येतील. वरची टोमॅटोची चटणी जरा गोडसर, ओरेगानो घातलेली. आणि कापायची तऱ्हा! पिझ्झा गोलच असतो, पण त्याचे आठ त्रिकोण करत नाहीत. उभे काप, मग आडवे काप. म्हणजे आपण ताटात थापलेल्या नारळाच्या पाकाच्या वड्या पाडतो, तशा पिझ्झ्याच्या वड्या पाडतात. मधल्या वड्या चौकोनी आणि कडेला तिरप्या, चिंचोळ्या कपच्या. आपल्या घरात या कडेच्या कपच्यांवरून मुलांची जी भांडणे होतात ती तिथेही होत असणार, अशी आमची खात्री आहे.

एड इमो फरशी बसवणारा होता म्हणून त्याने पिझ्झासुद्धा फरशीसारखा चौकोनी कापला, अशी एक गोष्ट साखळीभोवती नेहमी सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण पातळ पिझ्झ्याचे चौकोनी काप त्या मध्यपश्चिम भागातल्या इतर शहरांतही पडतात. तेव्हा गोष्टीवर फार भार टाकू नये. इमोजने चौकोन शोधला नाही. त्याने चौकोन आपला केला. दुकानाच्या जाहिरातीतही चौकोनाचेच यमक आहे.

पण खरा वादाचा विषय आहे तो वरचा थर. जगात बहुतेक ठिकाणी पिझ्झ्यावर मोझरेला चीज असते, तार धरणारे. सेंट लुईसच्या पिझ्झ्यावर असते प्रोव्हेल. हा शब्द इटालियन कोशात सापडणार नाही, कारण तो अमेरिकेत घडवलेला आहे. १९४७ साली शहरातल्या कोस्टा नावाच्या किराणा दुकानाने विस्कॉन्सिन राज्यातल्या हॉफमन डेअरीबरोबर हे चीज तयार करवून घेतले. चेडर, स्विस आणि प्रोव्होलोन अशी तीन जातींची चीज एकत्र वितळवायची आणि त्यात किंचित धुराचा वास द्यायचा. चेडर मूळचे इंग्रजांचे, स्विस नावावरूनच कळते, प्रोव्होलोन इटलीचे. हेतू साधा होता. लवकर वितळावे, पण दाताने तोडताना लांब तार ओघळू नये. ते साधले. पण हे चीज थंड झाले तरी पुरते घट्ट होत नाही. मऊच राहते आणि टाळूला, दाताला चिकटते. अमेरिकी सरकारच्या व्याख्येत ते नुसते 'चीज' या सदरात बसत नाही, प्रक्रिया केलेल्या चीजच्या सदरात जाते. आपल्याकडे डब्यातून चौकोनी तुकड्यांचे चीज येते, त्याच जातकुळीतले.

यावरून बाहेरचे लोक काय काय बोलतात! मेण म्हणतात, प्लास्टिक म्हणतात. मोठ्या शहरांतले खाद्यसमीक्षक सेंट लुईसला जाऊन आले की या पिझ्झ्यावर चार टोमणे मारल्याशिवाय त्यांचा लेख पुरा होत नाही. शहरातले लोक एक तर चिडतात, नाही तर हसून सोडून देतात, आणि शुक्रवारी पुन्हा इमोजला फोन करतात. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेली मुले गोठवलेले पिझ्झे पार्सलने मागवतात. आपल्याकडे पुण्यामुंबईच्या मुलाच्या बॅगेत आई कुंद्याचा डबा भरते, तसेच हे.

साठ वर्षांत ही साखळी देशभर का पसरली नाही, असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, तिची चव लहानपणी लागावी लागते. प्रोव्हेल एकदम आवडण्यासारखी गोष्ट नाही. वयाच्या पाचव्या वर्षी, घरच्या टेबलावर, भावंडांच्या गलक्यात जी पहिल्यांदा खाल्ली जाते तिला चव म्हणत नाहीत, सवय म्हणतात. आणि सवय निर्यात करता येत नाही. मोठ्या कंपन्या अनोळखी माणसाला रुचेल असा पदार्थ बनवतात. इमोज ओळखीच्या माणसासाठी बनवते. धंद्याच्या हिशेबात यात नुकसान आहे की फायदा, ते हिशेब करणाऱ्यांनी ठरवावे. दुकान अजून इमो घराण्याचेच आहे आणि चांगले चालले आहे, एवढे मात्र खरे.

आता 'शुद्ध' पिझ्झ्याकडे वळू. पिझ्झ्याचे माहेर इटलीतले नेपल्स. तिथे १९८४ साली खऱ्या नेपल्सच्या पिझ्झ्याचे रक्षण करणारी एक संघटना स्थापन झाली. पीठ कोणते, ते किती वेळ मुरवायचे, भट्टी कशी, चीज कोणते, पोळीची कड केवढी, याचे नियम तिने लिहून काढले. २०१० मध्ये युरोपीय संघाने त्या पद्धतीला मान्यता दिली, आणि २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली. या नियमांपुढे सेंट लुईसचा पिझ्झा उभा केला तर तो पहिल्याच ओळीत नापास. खमीर नाही, मोझरेला नाही, लाकडाची भट्टी नाही, आणि वर वड्या पाडलेल्या!

आम्ही नेपल्सच्या नियमांची थट्टा करत नाही. ज्याने वस्तू जन्माला घातली त्याने ती जपावी, यात गैर काही नाही. प्रमाण भाषेचेही असेच असते. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि १९६२ साली महाराष्ट्र सरकारने ते मान्य केले. त्यामुळे पुस्तके आणि वर्तमानपत्रे एका वळणाने छापली जातात. हा लेखही त्याच वळणाने लिहिला आहे. अडचण नियमांत नाही. नियमाबाहेरच्या माणसाला आपले बोलणे म्हणजे बिघडलेला माल वाटू लागतो, तिथे अडचण आहे.

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पोर घरात 'काय करालास?' म्हणते, 'जेवालोय की' म्हणून उत्तर देते. पुण्याचा पाहुणा आला की तेच पोर 'करालोय' गिळते आणि जपून 'करतोय' म्हणते. पाहुणा हसतो, 'तुमच्या मराठीला कानडी हेल आहे' म्हणतो. असणारच. शेजारी राहून हेल लागणार नाही तर काय लागेल? पण पाहुण्याला हे कोणी सांगत नाही की त्याच्या ताटातले 'तूप' आणि आजोबांच्या पानाच्या डब्यातला 'अडकित्ता' हे शब्द कानडीतून आलेले आहेत, असे शब्दांचा अभ्यास करणारे सांगतात. तो ज्याला 'अण्णा' म्हणतो तो अण्णा आणि जिला 'अक्का' म्हणतो ती अक्काही तिकडचीच. त्याचा पाव, बटाटा, साबण आणि बादली पोर्तुगीजांनी आणून दिलेली. म्हणजे चेडर, स्विस आणि प्रोव्होलोन त्याच्याही मराठीत आहे. फक्त ते इतक्या पूर्वी वितळले की आता वेगळे दिसत नाही. आणि बेळगावकडच्या बोलीत काही कमी असते, तर प्रकाश नारायण संतांचा लंपन साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला नसता. 'वनवास' वाचताना कोणी त्या पोराची भाषा तपासायला बसले नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर! मिसळ असली तरी चालते, आपली ती आपली, जिंकलो. थांबा. सेंट लुईसच्या गोष्टीचा दुसरा भाग सांगायचा राहिला आहे, आणि तो इतका सुखाचा नाही.

शहराच्या नैर्ऋत्येला 'हिल' नावाची वस्ती आहे. नावाप्रमाणे उंचवट्यावर. शहरातली इटालियन वस्ती ती हीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मातीच्या खाणी आणि विटांचे कारखाने होते, आणि त्यांत राबायला इटलीतून माणसे आली. पुष्कळशी उत्तरेकडच्या लोंबार्दी प्रांतातली, मिलानजवळच्या कुजोनो आणि आसपासच्या खेड्यांतली. काही दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरची. आपण त्यांना सरसकट 'इटालियन' म्हणतो, पण ते इटालियन बोलत नव्हते. इटली एक राष्ट्र झाले १८६१ साली, आणि तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी शंभरातली जेमतेम अडीच माणसे प्रमाण इटालियन बोलू शकत होती. बाकीचे आपापल्या बोलीत. कुजोनोचा माणूस लोंबार्द बोले, सिसिलीचा सिसिलियन बोले, आणि एकाचे दुसऱ्याला नीट कळत नसे. एकाच टेकडीवर, एकाच सेंट अँब्रोजच्या चर्चमध्ये जाणारी ही माणसे.

याच हिलवर १९२५ साली एक मुलगा जन्मला. आईबाप लोंबार्दीतल्या मालवाल्यो नावाच्या खेड्यातले. नाव ठेवले लॉरेन्स. पण आईच्या तोंडी 'लॉरेन्स' बसेना. ती त्याला 'लॉडी' म्हणे आणि गल्लीही लॉडी म्हणू लागली. आठवीनंतर शाळा सोडली. बेसबॉल खेळताना पाळी येईपर्यंत मांडी घालून, हात बांधून बसायची त्याला सवय होती. मित्रांनी भारतावरचा एक चित्रपट पाहिला होता, त्यातल्या साधूसारखा हा दिसतो म्हणून ते त्याला 'योगी' म्हणू लागले. तोच पुढे अमेरिकेचा नामांकित खेळाडू योगी बेरा. २०१५ साली तो वारला. त्याचे इंग्रजी तिरपागडे होते. वाक्य एका टोकाला सुरू व्हायचे आणि भलत्याच टोकाला संपायचे. लोक आधी हसले, मग ती वाक्ये स्वतः वापरू लागले, आणि आज ती अमेरिकेतल्या अवतरणांच्या कोशांत छापलेली आहेत. आपला शब्द अमेरिकेतल्या एका इटालियन पोराच्या नावाला चिकटला, हे पाहून आम्हाला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पण योगीच्या आईची बोली कुठे गेली? १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने इटलीकडून येणाऱ्यांचा लोंढा जवळजवळ बंद केला, म्हणजे गावाकडून ताजी बोली घेऊन येणारी माणसे थांबली. मग दुसरे महायुद्ध आले. इटली शत्रूच्या बाजूला होती. अमेरिकेत भित्तिपत्रके लागली: शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकन बोला. नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांवर सरकारने 'शत्रुदेशाचे परके' असा शिक्का मारला. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो काढला, पण तोपर्यंत घराघरांतली कुजबुज इंग्रजीत सुरू झाली होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळे पाप युद्धावर ढकलता येणार नाही. बापाला वाटले, पोराला नोकरी लागायची तर इंग्रजी हवे. पोराला वाटले, आजीची भाषा म्हणजे खेडवळपणा. कोणी मनाई केली नसती तरी तिसऱ्या पिढीपर्यंत हेच झाले असते.

प्रोव्हेल १९४७ चे, म्हणजे या शिक्क्याला पाच वर्षे होतात तोच आलेले. इमोज १९६४ चे. हिलवरची बोली मावळत होती त्याच काळात शहराचा 'इटालियन' पिझ्झा उगवत होता. आज हिलवर इटालियन खाणावळी आहेत, किराणा दुकाने आहेत, बोचे नावाचा गोट्यांसारखा खेळ चालतो, रस्त्याकडेचे आगीचे नळ इटलीच्या झेंड्याप्रमाणे हिरवे, पांढरे, तांबडे रंगवलेले आहेत. शब्द उरले आहेत ते पदार्थांच्या यादीवरचे. त्या यादीतून एखादा पदार्थ मागवता येतो. पण आजीला बरे वाटत नाही म्हणून शेजारणीला हाक मारायची तर ती इंग्रजीतच.

या शहराला अशी सवयच आहे. ते १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी वसवले आणि फ्रान्सच्या राजाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. रस्त्यांना अजून फ्रेंच नावे आहेत, पण उच्चार असे की पॅरिसच्या माणसाला ती आपली वाटणार नाहीत. मग जर्मन आले, मोठ्या संख्येने. त्यांची जर्मन शाळा होती, जर्मन मंडळे होती, जर्मन दैनिके होती. 'वेस्टलिश पोस्ट' हे त्यांतले मोठे दैनिक १८५७ साली निघाले. ज्याच्या नावाने आज पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक देतात तो जोसेफ पुलित्झर या जर्मन दैनिकातच वार्ताहर म्हणून लागला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध रान पेटले, शहरातल्या बर्लिन रस्त्याचे नाव बदलून एका अमेरिकन सेनापतीचे ठेवले गेले. दैनिक कसेबसे टिकले आणि १९३८ मध्ये बंद पडले. वाचकच उरले नव्हते. वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटते, ते लिहून दाखवण्याची गरज नाही. जर्मनांची बिअर मात्र शहरात अजून गळते आहे.

इतकेच कशाला, सेंट लुईसच्या इंग्रजीलाही आपला हेल होता. 'कॉर्न'ला 'कार्न' म्हणायचे, 'फॉर्टी'ला 'फार्टी'. जुनी माणसे अजून म्हणतात. नवी पिढी लाजून टाकत चालली आहे, असे भाषेचे अभ्यासक नोंदवतात. पिझ्झ्याच्या बाबतीत जगाशी भांडणारे हे शहर हेलाच्या बाबतीत मात्र मुकाट्याने शरण गेले.

हा फरक का पडला, यावर आम्ही बराच विचार केला. पिझ्झा टिकला तो अभिमानाने नव्हे. तो दर शुक्रवारी मागवला गेला म्हणून टिकला. त्याच्यामागे दुकान होते, गल्ला होता, घरपोच पोचवणारा पोरगा होता. परक्याला तो विकायला कोणी लाजले नाही. आयरिश, जर्मन, काळे, गोरे सगळ्यांनी खाल्ला आणि सगळ्यांचा झाला. हिलवरच्या बोलीच्या मागे यातले काही नव्हते. ती फक्त आजीजवळ होती, आणि आजी गेली.

उलटे उदाहरण आपल्याच घरात आहे. तंजावरला व्यंकोजीराजे गेले ते सतराव्या शतकात. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसले घराण्याचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. राज्य जाऊनही दीडशे वर्षांहून जास्त झाली. तरी तमिळनाडूत काही घरांत मराठी अजून बोलली जाते. कशी? तमिळ शब्दांनी भरलेली, हेल बदललेली, पुण्याच्या माणसाला दोन वाक्यांनंतर पुन्हा विचारावे लागेल अशी. शुद्ध असती तर कधीच संपली असती, असे आम्हाला वाटते. ती वितळली, मिसळली, पण रोज तोंडात राहिली. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही. तिथे गुजराती आणि हिंदी शब्द मराठीत आले म्हणून मराठी गेली नाही. जिथे गेली तिथे मुलांशी बोलायची बंद केली म्हणून गेली.

म्हणून आमचे बोट पाटीकडे नाही, गल्ल्याकडे आहे. वाचकहो, आपल्या तालुक्याच्या गावात काचेच्या दाराचे एखादे पिझ्झ्याचे दुकान असेलच. एखाद्या संध्याकाळी तिथे उभे राहून ऐका. गल्ल्यावरचा मुलगा मराठी, समोरचे गिऱ्हाईक मराठी; कदाचित दोघे एकाच गल्लीतले. दाराबाहेर 'काय रे, कधी आलास?' म्हणून बोलणे होते. आत गेले की दोघेही हिंदीवर येतात, नाही तर मोडक्या इंग्रजीवर. कोणी सांगितलेले नसते, कोणत्याही सरकारचा हुकूम नसतो. थंड हवेत आणि चकचकीत फरशीवर मराठी शोभत नाही, असे दोघांनीही मनाशी धरलेले असते. तेच गिऱ्हाईक बाहेर येऊन गाड्यावरच्या मावशींना 'मावशी, दोन वडे द्या, मिरची जास्त' म्हणते.

कानडीशी आमचे भांडण नाही. इथे राहायचे तर कानडी यावी, चांगली यावी, लिहिता-वाचता यावी. पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. शेजाऱ्याची भाषा येणे हे घरात आणखी एक भांडे असण्यासारखे आहे. पण कानडी शेजाऱ्याशी कानडीत आणि मराठी शेजाऱ्याशी हिंदीत, हा कुठला व्यवहार? गावातल्या मराठी शाळेचा पट दहा वर्षांपूर्वी किती होता आणि आज किती आहे, तो आकडा प्रत्येकाने आपल्या गावापुरता एकदा मुख्याध्यापकांना विचारावा. घरात नातवंडे आजीशी कोणत्या भाषेत बोलतात ते ऐकावे. आणि बेकरीत, खाणावळीत, किराणा दुकानात, गॅरेजवर आपल्या बाजूला जे शब्द चालतात, जे कोशात नाहीत आणि पुण्यात कळत नाहीत, ते लिहून ठेवावेत.

असे शब्द वाचकांनी आम्हाला कळवावेत. शब्द, तो कोणत्या गावात चालतो, कोण वापरते आणि कोणत्या वाक्यात, एवढे पुरे. कानडी वळणाचा असला तरी चालेल, कोकणी असला तरी चालेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आज्यांना, आधी विचारावे. त्यांच्याजवळ पुष्कळ आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही.